कोसमटोल्याची लस

ऋषीभाऊ जनावराशी खोटं बोलत नसत. सुई टोचण्याआधी ते गाईच्या कानाशी तोंड नेत आणि स्पष्ट सांगत, "दुखन. थोडसं दुखन. मंग जाईन." बाकी सगळीकडे मी पाहिलेले लोक जनावराला चुचकारत, "काही नाही, काही नाही" म्हणत आणि तेवढ्यात सुई खुपसत. ऋषीभाऊंना ते पटत नसे. गाईला त्यातलं काय कळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिले नाई कळत डॉक्टरबाई. पण मी काय बोललो ते मले तं कळते ना."

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी नुकतीच पशुवैद्यकाची पदवी घेऊन नागपुरात एका संशोधन प्रकल्पात लागले होते. प्रकल्प तोंडखुरीचा. सरकारी कागदावर तिला लाळ्या-खुरकूत म्हणतात. जनावराच्या जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळेच्या तारा लागतात, चारा सुटतो, पाय टेकवत नाही. हा रोग आणणाऱ्या विषाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. लस त्या प्रथिनाची ओळख जनावराच्या शरीराला आधीच करून देते. आमच्या भागात फिरणाऱ्या विषाणूचं प्रथिन आणि लशीतलं प्रथिन सारखं आहे का, नसेल तर नव्या लशीसाठी कोणतं घ्यावं, हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी आजारी जनावरांच्या जिभेची साल हवी होती आणि लस दिलेल्या जनावरांचं रक्त. माझ्या वाट्याला चंद्रपूर आणि गडचिरोलीचा जंगलपट्टा आला. वाट्याला आला म्हणजे, दुसऱ्या कोणाला तो नको होता.

गोंडपिपरीच्या पुढे एका गावात गुरांचा सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे मासोळीची हकीकत येणार आहे. तिथे ऋषीभाऊ व्रणोपचारक होते, म्हणजे जखमा धुणं, मलमपट्टी करणं, डॉक्टर असले तर त्यांना मदत करणं आणि नसले तर जमेल ते करणं. उंच, काटकुळे, पन्नाशीचे. खाकी शर्टाच्या खिशात थर्मामीटर आणि त्याच खिशात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी. थर्मामीटर कुठे घालायचा असतो हे माहीत असलेल्या माणसाला ते पाहवत नसे. आजूबाजूच्या वीसेक गावांत लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि प्रत्येक वेळी ते दुरुस्ती करत. कोणी धावत येऊन "डॉक्टर, म्हैस अडली" म्हणालं, की आधी शांतपणे सांगत, "डॉक्टर नाई, मी पट्टी बांधतो," आणि मग सायकल काढत. म्हैस अडलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावंच लागे.

आता मासोळी. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब तरुण होते, कामाला चांगले, पण वरिष्ठांना फार भीत. एकदा वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी तलावावरून मरळ मागवली आणि दुपारपर्यंत टिकावी म्हणून लशीच्या फ्रिजमध्ये ठेवली. त्या दिवशी मी तिथेच होते. साहेब आले, रजिस्टरं पाहिली आणि फ्रिजसमोर उभे राहिले. "यात काय आहे?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "लस, सर." मागून ऋषीभाऊंचा आवाज आला, "लस खालच्या खणात हाये साहेब. वरच्या खणात मासोळी हाये. तुमच्याचसाठी आणली." साहेबांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "कोणती?" "मरळ," ऋषीभाऊ म्हणाले. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत एक कडक शेरा लिहिला आणि जेवायला बसले.

पुढे आठवडाभर डॉक्टरसाहेब ऋषीभाऊंशी बोलले नाहीत. मी समजूत घालायला गेले, तेव्हा ऋषीभाऊ कोड्यात पडलेले दिसले. "साहेबानं इचारलं काय हाये, मंग सांगतलं. न सांगता त्यायनं खण उघडला असता आन् मासोळी पाह्यली असती, तं डॉक्टरसाहेब खोटे पडले असते का नाई? मी तं त्याइले वाचवलं."

लोकांना माझं काम समजावून सांगण्याचा पहिला प्रयत्न साफ फसला. मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. मी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. विषाणू म्हणजे चोर, त्याच्याकडे किल्ली, शरीराला कुलूप. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या दाराले कुलूपच नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. दारांना खरंच कुलपं नव्हती. ऋषीभाऊ उठले, कुंपणाशी गेले आणि एक गोखरू तोडून आणलं, जंगलातून आलं की कपड्याला चिकटलेलं असतं ते काटेरी फळ. म्हणाले, "हा रोग असा असते. काट्यानं चिकटते. लस काय करते, नुसता काटा दाखवून ठेवते. हा पाहून ठेव, हा आला का झटकून टाक. बाई पाहाले आली का आपल्या इथचा काटा तोच हाये का दुसरा." एवढंच. पुढे मी मोठमोठ्या सभांमध्ये आकृत्या दाखवून हेच सांगितलं आणि लोकांनी जांभया दिल्या.

कोसमटोला हे त्या दवाखान्याच्या हद्दीतलं शेवटचं गाव. चाळीसेक घरं, एक तलाव, भाताच्या बांध्या, मागे जंगल. वैशाखात ऋषीभाऊंनी तिथल्या सगळ्या गुरांना तोंडखुरीची लस टोचली आणि महिन्याभराने, मी सांगून ठेवलं होतं म्हणून, त्यातल्या बारा जनावरांचं रक्त काढून मला नागपूरला पाठवलं. नळ्यांवर एक ते बारा आकडे टाकायचे, असं मी बजावलं होतं. आकडे होतेच. शिवाय प्रत्येक नळीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सायत्राबाईचा बांड्या, लात मारते', 'पोचूची कपिला, गरीब', 'पाटलाचा हेला, मालकासारखा'; हेला म्हणजे रेडा. मी त्या नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. तपासणीला लागणारं रसायन बाहेरून यायचं होतं आणि ते येतच नव्हतं.

आषाढात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर कोसमटोल्यात तोंडखुरी आली. मला निरोप मिळाला आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी गुदगुल्या झाल्या. लस दिलेल्या गावात रोग, म्हणजे इथल्या विषाणूचं प्रथिन बदललेलं असणार. याच्यासाठीच तर मी दोन वर्षं बसगाड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत होते. बर्फाचा डबा भरला आणि निघाले. याच कामावर मी पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होते; बसमध्ये मी त्यातल्या या प्रकरणाचं नावसुद्धा ठरवलं.

गावात पोचले तेव्हा गुदगुल्या थांबल्या. भाताचे पऱ्हे लावणीला तयार होते, बांध्यांत पाणी भरलं होतं आणि चिखलणीला एकही बैल उभा राहत नव्हता. गोठ्यागोठ्यात जनावरं पाय झटकत होती. लाळेचा एक आंबूस वास सगळ्या गावावर पसरला होता. मोहाखाली माणसं जमली होती. डॉक्टरसाहेब मधे उभे होते, ऋषीभाऊ त्यांच्या शेजारी.

बोलत होत्या सायत्राबाई. साठीच्या, एकट्या, एक बैलजोडी आणि एक गाय-वासरू बाळगून असलेल्या. गावात त्यांच्यापुढे कोणी फार बोलत नसे. "लस टोचली म्हनता आन् रोग बी आला. मंग टोचलं काय? पाणी?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, लस कधी कधी पूर्ण लागू पडत नाही. त्याची कारणं शास्त्रीय असतात."

"शास्त्रीय नाई साहेब," ऋषीभाऊ म्हणाले. "मी सांगतो."

डॉक्टरसाहेबांनी त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली.

"लस घेऊन इथी येत होतो त्या दिवशी नाल्यापाशी सायकल पंचर झाली. तीन घंटे गेले. आलो तं डब्यातला बर्फ पाणी झाला होता. मी शिशी गालाले लावून पाह्यली. थंड लागली, म्हणून टोचली. पण वैशाखात माणूसच तापलेला असते, त्याच्या गालाले काई बी थंड लागते. मी वापस जाले पाह्यजे होतं. नाई गेलो. उन्हाचा कंटाळा केला. लस खराब झाली असन. चूक माही हाये."

डॉक्टरसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. आणि मी, या माणसाच्या सचोटीचं कौतुक करायचं सोडून, मनात म्हणत होते की संपलं. उन्हात तापलेल्या लशीवर कोणी प्रबंध लिहीत नाही. माझा शोध त्यांनी एका दमात बुडवला होता.

सायत्राबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता घरी जाऊ नोको. बैल उभे होतपर्यंत इथीच राह्य."

ऋषीभाऊ म्हणाले, "हो."

रजेचा अर्ज त्यांनी तिथेच माझ्या वहीच्या पानावर लिहिला. रजेचं कारण: 'माझ्या चुकीमुळे.' डॉक्टरसाहेबांनी ते खोडून 'घरगुती काम' लिहिलं. ऋषीभाऊंनी ते खोडलं. बराच वेळ असं चालल्यावर कारणाची जागा कोरी ठेवून अर्ज मंजूर झाला.

ते अकरा दिवस कोसमटोल्यात राहिले. सायत्राबाईंच्या गोठ्याच्या पडवीत झोपले. सकाळ-संध्याकाळ घरोघर जाऊन लाल दवाईच्या पाण्याने खुरं धूत, जिभांना बोरोग्लिसरीन लावत, बायकांकडून तांदळाची पेज करवून घेत आणि बांबूच्या नळीने बैलांना पाजत. कोणी जांभळाच्या सालीचा काढा सुचवला, तर तोही करून पाहिला. मी पहिले तीन दिवस होते. सायत्राबाईंच्या बांड्या बैलाच्या जिभेची साल काढायची होती, तेव्हा त्यांनी त्याच्या कानात सांगितलं, "जिभेची साल काढून राह्यलो. लयच दुखन. तुले लात मारायची असन तं मले मार, बाईले मारू नोको." बांड्याने ऐकलं नाही. मी शेणात बसले. पण चिमटा हातातून सुटला नाही आणि साल बाटलीत गेली. ऋषीभाऊ म्हणाले, "मी त्याले सांगतलं होतं."

मोठी जनावरं वाचली. दोन वासरं गेली. त्यातलं एक सायत्राबाईंचं. मोठ्या गुरांना हा रोग सहसा मारत नाही, वासरांच्या काळजावर जातो. मी निघायच्या दिवशी सकाळी ते गेलं. ऋषीभाऊंनी कोणाला हात लावू दिला नाही. तलावाच्या पाळीपलीकडे एकट्याने खड्डा खोदला, चुना टाकला, माती लोटली. परत आले आणि पडवीत भिंतीला टेकून बसले. दुपारी सायत्राबाईंनी त्यांच्यापुढे ताट आणून ठेवलं, भात आणि झिंग्यांची भाजी, आणि समोर बसल्या. "जेव," म्हणाल्या. ते जेवले. मी बसची वेळ झाली म्हणून उठले, तेव्हा दोघं तशीच समोरासमोर बसलेली होती.

पुढे दहा-बारा दिवस उशिरा का होईना, रोवणी झाली. जिभेची साल आम्ही बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून दिली. मी दुसऱ्या गावांच्या मागे लागले.

थंडीत ते रसायन आलं. कोसमटोल्याच्या बारा नळ्या मी फक्त काम पुरं करायचं म्हणून काढल्या. लस खराब होती, तेव्हा रक्तात काही सापडणार नाही, याची मला खात्री होती. सापडलं. बाराच्या बारा जनावरांच्या रक्तात लशीतल्या विषाणूविरुद्ध भरपूर ताकद होती. बांड्याच्या तर सगळ्यांत जास्त. मी चाचणी पुन्हा लावली. तेच. आणि त्याच सुमाराला बाहेरून अहवाल आला, की कोसमटोल्याचा विषाणू जातीने तोच, पण पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा नेमका ओळखीचा भाग बदललेला. लशीने तयार झालेली ताकद त्याला ओळखतच नव्हती.

म्हणजे लस खराब झाली नव्हती. बर्फ वितळला तरी ती निभावून गेली होती. ऋषीभाऊंचा काहीही दोष नव्हता.

मी दुसऱ्या दिवशीची पहिली बस धरली. ऋषीभाऊ दवाखान्याच्या ओट्यावर बसून पट्ट्या गुंडाळत होते. मी एका श्वासात सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी गुंडाळायचं थांबवलं नाही.

"म्हणजे लस चांगली होती?"

"हो."

"आन् काटाच दुसरा होता."

"हो, भाऊ."

"मंग मी अकरा दिवस खुरं धुतली ते?"

"ते चांगलंच झालं की. बैल उभे राहिले."

त्यांनी ती पट्टी बाजूला ठेवून दुसरी घेतली. मला वाटलं होतं माणूस आनंदेल, निदान सुटल्यासारखा दिसेल. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र त्रासलेला भाव होता. शेवटी म्हणाले, "आता हे त्याइले सांगा लागन. मी त्याइले खोटं सांगतलं ना. मले मालूम नोतं, तरी खोटंच झालं ते."

मी म्हणाले, राहू द्या, काय बिघडलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने दुसरी सायकल मागून आणली.

कोसमटोल्यात सायत्राबाई अंगणात धान पाखडत होत्या. आम्हाला पाहून चार माणसं आणखी आली. ऋषीभाऊ उभे राहिले आणि आषाढात बोलले होते तसंच सरळ बोलले. लस खराब नव्हती, रोगाचाच काटा बदलला होता, बाईने नागपुरात तपासलं, चूक माझी नव्हती.

सायत्राबाईंनी सूप खाली ठेवलं. "काऊन खोटं बोलून राह्यला गा, ऋषी?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना हे विचारलं असावं. ते गडबडले. "खोटं नाई बाई. डॉक्टरबाईले इचारा."

"ते तुहीच बाई हाये, तुह्यासारखंच बोलन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काटा बदलला म्हनते. त्याले कोनं सांगतलं बदलाले?"

मी सांगायला लागले. विषाणूची वाढ होताना लहानसहान चुका होतात, त्यातली एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरते. शेजारचा म्हातारा म्हणाला, "म्हणजे चूक रोगाची हाये." सगळे हसले. मग मी नळ्यांची गोष्ट काढली, बांड्याच्या रक्तात सगळ्यांत जास्त ताकद होती असं सांगितलं. एवढी एकच गोष्ट सायत्राबाईंना पटली. "ते तं राहनच," त्या म्हणाल्या.

मग ऋषीभाऊंना म्हणाल्या, "हे पाह्य. तू त्या दिवशी चूक कबूल केली. आमी तुले माफ केलं. बैलं उठली, रोवणी झाली. आता वापस घ्याले आला? असं नाई जमत. माह्या वासराचा खड्डा तू खोदला, ते बी वापस घेतोस का?"

सायत्राबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. आम्ही प्यायलो आणि निघालो. नाल्यापाशी सायकलवरून उतरताना ते म्हणाले, "खरं सांगतलं का काम संपते, असं मले वाटे." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "पण माणसं लय चांगली हायेत डॉक्टरबाई. खोटारडा म्हणून बी चहा पाजते."

पुढच्या वैशाखात ते कोसमटोल्यात लस घेऊन गेले, तेव्हा गावाने एकही जनावर लपवलं नाही. बाकी गावांत लोक लस म्हटलं की गुरं जंगलात हाकत. इथे सगळी बांधून ठेवलेली, ओळीने. डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं की असं कसं झालं. मी म्हणाले, यावर संशोधन करायला हवं.

माझा प्रबंध झाला. बदललेल्या प्रथिनाचं ते प्रकरण लोकांना आवडलं, त्याच्या जोरावर मला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. प्रबंधाची एक प्रत मी ऋषीभाऊंना नेऊन दिली. ऋणनिर्देशाचा परिच्छेद त्यांना वाचून, भाषांतर करून दाखवला. 'क्षेत्रकार्यातील अमूल्य आणि निर्दोष सहकार्याबद्दल' असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "निर्दोष काऊन लिहिलं? बारा नंबरच्या नळीत माशी पडली होती, मी काढून टाकली. तुमाले सांगतलं नोतं." हे एकच त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं आणि तेही छापून झाल्यावर सांगून टाकलं. मी घरी गेल्यावर बारावी नळी वगळून सगळा हिशेब पुन्हा मांडला. निष्कर्ष बदलला नाही, देवाची कृपा.

ते निवृत्त झाले. पत्रं येत, आखीव कागदावर, बहुतेक जनावरांची खुशाली. मग यायची थांबली. काही वर्षांनी मी कामानिमित्त गडचिरोलीला आले असताना दवाखान्याच्या गावी गेले. तेव्हा कळलं की ते पावसाळ्यात गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या घरी जाऊन आले. मग कोसमटोल्यालाही गेले.

सायत्राबाई फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर हात धरून जवळ बसवलं. ऋषीभाऊंचं नाव निघालं.

"चांगला माणूस होता," त्या म्हणाल्या. "एक डाव लस गरम करून टाकली होती त्यानं. पण चांगला होता."

माझ्या पिशवीत त्याच विषयावरच्या व्याख्यानाचे कागद होते, त्या प्रथिनाच्या रंगीत आकृत्यांसकट. दुसऱ्या दिवशी ते मी गडचिरोलीत वाचणार होते.

"हो," मी म्हणाले. "चांगले होते."